एकोणतीसचा पाढा

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५
सेल, मँचेस्टर

प्रिय श्रद्धा,

तुझ्या शेवटच्या फोनला बारा वर्षं होऊन गेली. त्यानंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागते. ही माफी फक्त न लिहिण्याची आहे. दुसरी एक मागायची आहे, ती अजून मागत नाही. घाईने मागितली तर ती मी स्वतःसाठीच मागतेय असं होईल, आणि तेवढी मी स्वतःला ओळखते.

मी अजून रेंझोच्या स्टुडिओतच काम करते. अँकोट्समधली तीच जुनी गिरणी, तिसरा मजला, लिफ्ट बंद. स्वानंदची नोकरी तीच आहे. उर्वी सोळा वर्षांची झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि तुझ्या स्टेथोस्कोपसाठी रडली होती.

लिहायला बसले त्याचं कारण सांगते. एका रेकॉर्ड कंपनीने रेंझोच्या चाळीस वर्षांच्या कामाचा संच काढायचं ठरवलंय. चार सीडी आणि एक जाड पुस्तिका. पुस्तिका मी लिहितेय. नवव्या क्रमांकावर 'कोल्ड किचन' आहे. ते असणारच. रेंझो फाल्चोनी म्हटलं की लोकांना तेच गाणं आठवतं, आणि त्या गाण्यातलं काय आठवतं विचारलं तर ते गाणाऱ्या टेस हॅलमचे शब्द कोणी सांगत नाही, सुरुवातीची तुझी गुणगुण म्हणून दाखवतात.

काल कंपनीतल्या हॅनाचा मेल आला. हक्कांचे कागद ती बघते. तिच्याकडे हाउन्सलोहून एक पत्र आलंय. लिहिणारा सतीश गावंडे, हीथ्रोजवळच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर. दुकानात दूध घेत असताना वरच्या स्पीकरवर हे गाणं लागलं आणि तो दुधाचा डबा हातात धरून उभाच राहिला. त्याने लिहिलंय की गाण्याच्या कव्हरवर 'पारंपरिक अंगाई' छापलंय, पण ही चाल अंगाईची नाही. वर्ध्याच्या शाळेत त्याला गणित शिकवणाऱ्या खानझोडेबाईंची ही चाल आहे, आणि बाई या चालीवर एकोणतीसचा पाढा म्हणून घ्यायच्या.

खाली हॅनाने लिहिलं होतं, 'मल्टिप्लिकेशन टेबल. ब्लेस हिम, बिचारा. तू त्याच भाषेची आहेस, तर ही पारंपरिक अंगाई आहे अशा दोन ओळी लिहून दे, म्हणजे मी फाइल बंद करते. सोमवारी सतराला दुपारी बारापर्यंत चालेल. त्यानंतर पुस्तिका छापायला जाते.'

दोन ओळी मी कालच लिहिल्या. पाठवलेल्या नाहीत.


शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळपासून पुस्तिकेसाठी रेंझोचं आयुष्य तारखांत बसवतेय. तुला तो एका दुपारपुरता दिसला, म्हणून थोडं लिहिते. मला वाटतं यात माझा एक हेतू आहे. तो माणूस कसा आहे हे आधी कळलं तर पुढचं तुला समजेल.

तो इटलीतल्या कास्तेलफिदार्दोचा. ते गाव अकॉर्डियन बनवतं. गळ्यात अडकवायची पेटीच ती, आपल्या पेटीसारख्याच आत धातूच्या पट्ट्या. त्याचे वडील कारखान्यात त्या पट्ट्या घासून सुरात आणायचे. रेंझो म्हणतो, घरात जेवताना कोणी चमचा आपटला तरी वडील सांगायचे, सा जरा उतरलाय. सा हा माझा शब्द. एक्याऐंशी साली तो मँचेस्टरला मामाच्या आइस्क्रीमच्या गाडीवर मदतीला आला. दिवसा कोन भरायचा, शनिवारी क्लबात कीबोर्ड वाजवायचा. पंच्याऐंशी साली त्याने लिहिलेलं, वाजवलेलं आणि मिक्स केलेलं पहिलं गाणं निघालं. कव्हरवर नाव होतं रॉन फॉल्कनर. निर्मात्याने परस्पर ठरवलं होतं की इटालियन नावाने रेकॉर्ड खपत नाही.

ते कव्हर त्याने चौकटीत घालून स्टुडिओच्या टॉयलेटमध्ये लावलंय. तू पाहिलं असशील. येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला तो आधी तिकडे पाठवतो, मग मुलाखत देतो.

नव्वदीत त्याची सहा-सात गाणी गाजली. मग लंडनला गेला, तिथे काही जमलं नाही, २००३ला परत आला. २००८ साली मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्याने माझा पुणे आकाशवाणीचा अनुभव वाचलासुद्धा नाही. म्हणाला, 'नीना? माझ्या मावशीचं नाव नीना. ती काही विसरत नसे. तू?' मी म्हटलं, मी सगळं लिहून ठेवते. त्यावर नोकरी मिळाली.

आणि त्याची ती पद्धत. गाणाऱ्याला तो पहिल्यांदा गाणं देत नाही. माइकसमोर उभं करतो आणि म्हणतो, 'आठवावं लागणार नाही असं काहीतरी म्हण.' त्याचं म्हणणं, आठवताना माणसाचा गळा आवळतो. वेल्सच्या एका गायकाने आपल्या गावच्या बसचे थांबे म्हटले होते. टेसने दोरीच्या उड्यांचं गाणं म्हटलं. ते तो रेकॉर्ड करतो आणि कधीच पुसत नाही.

त्या दिवशी तूही म्हटलंस. खरं तर तू टेसच्या गाण्यात नुसता आऽ भरायला आली होतीस. मंडळाच्या गणपतीत तुझं भावगीत ऐकल्यापासून मीच तुझ्या मागे लागले होते. बर्मिंगहॅमहून ड्यूटी बदलून आलीस, बॅगेत हॉस्पिटलचं कार्ड तसंच. तू काय म्हटलंस ते मला तेव्हा नीट कळलं नाही, मी एक केबल बदलत होते. नंतर कव्हरचा मजकूर द्यायची वेळ आली, घाई होती, आणि 'पारंपरिक' हा शब्द रेंझोला सोयीचा होता. या धंद्यात तो सगळ्यांनाच सोयीचा असतो. जे कोणाचंच नाही ते मागायला कोणी येत नाही.

असं ते झालं.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज रेंझोने मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, 'ऐक.'

त्याने तू आलीस त्या दिवसाचं, १४ मार्च २०१२चं, पहिलं टेक लावलं. आधी नुसती खोलीची शांतता. मग तू घसा साफ केलास. मग,

एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी…

सत्त्याऐंशीला सूर खाली उतरतो, तिथे थोडा थांबतो, मग चढतो. नंतर तू शब्द सोडून गुणगुणलंस आणि जे गाण्यात गेलं, ते मी हजारदा ऐकलंय. शब्दांसकट तेरा वर्षांनी ऐकलं. दाहे दोनशे नव्वद झाल्यावर खोलीत एक खटका वाजतो, तो टॉकबॅकचा. काचेपलीकडून मी बोलते.

'हे काय गं?'

'एकोणतीसचा पाढा. आईने चाल लावलीय. वर्गातली सगळी पोरं इथेच रडायची ना, म्हणून.'

'म्हणजे आता सुरात रडायचं.'

आणि मग आपण दोघी हसतो. अकरा सेकंद. मी मोजले.

शनिवारी मी तुला लिहिलं की मी केबल बदलत होते. ते खोडत नाही, तसंच राहू दे. पण ते खरं नाही.

रेंझो माझ्याकडे बघत होता. 'सगळ्या संचात मला हे हसणं सगळ्यात आवडतं,' तो म्हणाला. 'शेवटच्या सीडीच्या शेवटी हे टेक घालायचं. अख्खं, हसण्यासकट. तुम्ही दोघी काय बोलताय ते पुस्तिकेत छाप.'

'काही नाही रे. माइकबद्दल बोलतोय. तेवढं काप.'

'काप?'

'आवाज बरोबर नाहीये.'

'नीना, माझं पहिलं टेक मी कधी कापलंय?' तो म्हणाला. 'माइकबद्दल बोलून माणसं अशी हसत नाहीत.'

मी म्हटलं, उद्या करते भाषांतर. त्याने मान हलवली आणि चहा करायला गेला. तो स्वतः चहा करायला गेला की समजायचं, त्याला काहीतरी पटलेलं नाही.

आता दोन्ही बाजूंनी आलंय. सतीश गावंडेला मी खोटं पाडू शकते. पण हे टेक बाहेर आलं तर मराठी येणारा कोणीही माणूस तीन सेकंदांत ओळखेल. आणि टेक बाहेर येऊ द्यायचं नाही म्हटलं तर का, ते रेंझोला सांगावं लागेल. ट्रॅममध्ये मी तिसरी वाट शोधत होते. सापडली असती तर मी ती घेतली असती का, हा प्रश्न सेल स्टेशनला उतरेपर्यंत मी स्वतःला विचारला नाही. उतरल्यावर विचारला. उत्तर मला आवडलं नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

हॅनाने सुचवलं की त्या गृहस्थाला एक फोन कर, गोड बोल, म्हणजे तो कुठे ऑनलाइन लिहीत बसणार नाही. जेवणाच्या सुट्टीत केला. मी इंग्रजीत सुरुवात केली, फाल्चोनी स्टुडिओतून बोलतेय वगैरे. पलीकडे फोर्कलिफ्टची पिपाणी वाजत होती. 'येस मॅडम, येस मॅडम,' तो म्हणत होता. मग मला ते सहन होईना आणि मी मराठीत बोलले.

'तुम्ही मराठी आहात? मग तर मला काही सांगायचंच नाही जी. तुम्हाला ऐकूच आलं असन.'

'गावंडे, अंगाईच्या चाली बऱ्याचदा एकसारख्या असतात. लहानपणी ऐकलेलं…'

'मॅडम, मी सातवीत दोनदा बसलो. दोन वर्षं रोज सकाळी तो पाढा म्हटला. सत्त्याऐंशीला आवाज खाली जाते अन् मग वर येते. बाई म्हणे, पोरं इथं पडतात, म्हणून इथं मी पायरी केली. अंगाईत पायरी कायले लागते?'

मला हसू आलं, आणि मग मला भीती वाटली.

'बाई फार कडक होत्या का?' हे मी का विचारलं माहीत नाही.

'कडक तं होत्याच. पण एकोणतीसला मारत नव्हत्या. अठ्ठावीसपर्यंत छडी. एकोणतीसला म्हणत, इथं माझीच चूक आहे, मीच तुम्हाला नीट वाट करून दिली नाही. अन् मग गायच्या. पूर्ण वर्ग गाये. शेजारच्या वर्गातले मास्तर दार लावून घेत.'

'तुम्हाला नेमकं काय हवंय?'

'मले काय पाहिजे? बाईचं नाव टाका ना तिथं.'

'नाव काय त्यांचं?'

'खानझोडेबाई.'

'पूर्ण नाव?'

तो हसला. 'बाईला पहिलं नाव असते हे कोणाला माहीत होतं जी. फळ्याला कोणी नाव विचारते का?' मग म्हणाला, 'आहेत का हो बाई अजून?'

'मला माहीत नाही.'

'अन् गाण्यात गुणगुणते ती कोण? आवाज बाईसारखाच वाटते, पण जवान आहे.'

'त्यांची मुलगी.'

बोलून गेले. पिपाणी थांबली होती. तो कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असावा.

'म्हणजे तुम्हाला माहीत आहे,' तो म्हणाला. आवाज चढवला नाही. 'मग मले फोन काहून केला तुम्ही?'

नंतर बोलू, असं काहीतरी पुटपुटले. तू ज्या स्वराने फोन ठेवला होतास तो मला बारा वर्षांनी दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू आला.


रविवार, १६ नोव्हेंबर

कपाटातून २०१२ची वही काढली. सापडली असं लिहिणार होते. ती कुठल्या खणात, कशाखाली आहे हे मला नेहमीच माहीत होतं.

आकाशवाणीची सवय. कोण आलं, कोणता माइक, कोणतं टेक, कोण काय बोललं. १४ मार्चचं पान माझ्याच अक्षरात असं आहे :

'श्रद्धा. टेक १, पाढा २९. चाल : श्रद्धाची आई, शिक्षिका, वर्धा.' हे एका रेघेने खोडलंय. त्यावर लिहिलंय 'पारंपरिक'. आणि खाली, बारीक अक्षरात : 'र.ने विचारलं कोणाची. दोनदा. मी सांगितलं कोणाचीच नाही.'

श्रद्धा, रेंझोला तो शब्द सोयीचा होता असं मी आठ तारखेला लिहिलं. स्वतःच्या नवऱ्याला, स्वानंदलाही मी इतकी वर्षं तेच सांगत आले, आणि त्यानेही ते मानलं, कारण मोठा माणूस आणि त्याच्याकडची नोकरदार यांची गोष्ट तशीच असते असं सगळ्यांना वाटतं. तो शब्द माझा होता.

तू साडेचारच्या गाडीसाठी निघून गेली होतीस. रात्री तुझी ऑन-कॉल होती. रेंझोने पहिलं टेक पुन्हा लावलं. टेस कोचावर बसली होती, ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, 'कोण वारलंय यात?' रेंझोने डोळे मिटले होते. त्याने न उघडता विचारलं, 'नीना, हे काय आहे?' आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ड्रमवाला, टेस, सगळे. चार वर्षं मी त्या खोलीत टेपचे डबे लावत होते, लेबलं चिकटवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ती खोली माझ्या शब्दासाठी थांबली होती. आणि मला सांगायचं होतं की एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.

मला लाज वाटली. तुझी नाही, तुझ्या आईची नाही. आपलं इतकं घरगुती काहीतरी त्यांच्यासमोर मांडायची. ते हसतील असं वाटलं. मी म्हटलं, 'अंगाई आहे. जुनी.'

'कोणाची?'

'कोणाचीच नाही.'

'कोणाची तरी असेल.'

'नाही. सगळ्यांचीच असते ती.'

मग एका समीक्षकाने लिहिलं की या गुणगुणण्यात दख्खनच्या मातांचं शतकांचं दुःख आहे. मी ते कात्रण फाइलला लावलं. छिद्र पाडून, तारीख घालून.

आणि २०१३ साली तुझा फोन आला तेव्हा मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. तरी लिहिते. 'अगं, पाढ्याची तर चाल. पाढ्याला कोण कर्ता असतो?' तू म्हणालीस, 'आई ती आठ दिवस बसवत होती, नीना. मी सहा वर्षांची होते, माझ्यावर करून बघायची. जिथे मी अडखळायचे तिथे ती बदलायची.' आणि फोन ठेवलास. म्हणजे ती पायरी तू पडायचीस तिथली आहे. हे मला गुरुवारी, गावंडेशी बोलल्यावर कळलं.

मघाशी उर्वी येऊन टेबलाशी उभी राहिली. तिचं मराठी कसं झालंय ते ऐक.

'आई, तू कोणाला लिहितो?'

'श्रद्धामावशीला.'

'ती मावशी जी आपल्याशी बोलत नाही? मग मेसेज कर ना. एवढा मोठा पत्र कोण वाचतो?'

मी विचारलं, 'तुला ते कोल्ड किचन कसं वाटतं गं?'

'सॅड. आमचा म्युझिकच्या मिसने त्याच्यावर पूर्ण लेसन घेतला होता. मी हात वर केला आणि सांगितला, माझा आई तिथे होता, ते आमचा ललबाय आहे.'

मी तिला पाढा म्हणून दाखवला. शब्दांसकट. दुणे अठ्ठावन्नपर्यंत ती ऐकत होती, मग तिच्या ओठांवर हिशेब दिसायला लागला.

'वेट. ते मॅथ्स आहे?'

'हो.'

ती इतकी हसली की स्वानंद खाली आला. मग तिने मला पुन्हा म्हणायला लावलं, स्वतः म्हणून बघितलं, सत्त्याऐंशीला बरोबर उतरली. 'पण हे बेटर आहे, आई,' ती म्हणाली. 'हे तू लपवला का?'

सोळा वर्षांची मुलगी. टेसही हसली असती, आणि मग असंच म्हणाली असती. रेंझो तर नक्की. हे मी तेव्हा करून बघितलं नाही.


सोमवार, १७ नोव्हेंबर

दहा वाजता स्टुडिओत पोचले. रेंझोला म्हटलं, भाषांतर तयार आहे, टेक लाव. मी एकेक वाक्य थांबवून सांगत गेले. तो आधी हसला. बोटांवर मोजलं, तोंडातल्या तोंडात इटालियनमध्ये. 'ओत्तांतासेत्ते,' म्हणाला, 'सत्त्याऐंशी, बरोबर आहे.' मग मी 'आईने चाल लावलीय' हे वाक्य सांगितलं. त्याने टेप थांबवली.

'मी तुला विचारलं होतं.'

'दोनदा. वहीत आहे.' मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याला मराठी अक्षर वाचता येत नाही, पण खोडलेली रेघ दिसते.

तो उठला, बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात टॉयलेटमधली चौकट होती. रॉन फॉल्कनर. ती त्याने डेस्कवर माझ्यासमोर उभी केली.

'हे ज्याने केलं त्याचं नाव मी प्रत्येक मुलाखतीत घेतो,' तो म्हणाला. 'चाळीस वर्षं. तो मेला तरी घेतो. आणि तेरा वर्षं मी स्टेजवर उभा राहून सांगतोय की या गाण्याची आई कोणी नाही.'

'आता माझं नाव घे.'

'नको. ते तुला सोपं जाईल.'

त्याने हॅनाला फोन लावायला लावला, स्पीकरवर. मीच सांगितलं. हॅना ब्लेस हिम म्हणाली नाही. बराच वेळ टाइप करत राहिली. छपाई बुधवारी दुपारपर्यंत थांबवता येईल. तोवर एक फॉर्म भरून हवा : संगीतकाराचं पूर्ण नाव आणि त्या व्यक्तीची संमती, आणि ती हयात नसेल तर मुलांची. नाही मिळाली तर 'कोल्ड किचन' संचातून काढावं लागेल. 'रेंझो, तुझं सगळ्यात मोठं गाणं आहे हे,' ती म्हणाली.

'मग गळू दे,' रेंझो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला म्हणाला, 'पुस्तिका दुसरं कोणीतरी पुरी करेल.' मी मान हलवली. 'फॉर्म मात्र तूच भरशील.' मग चौकट उचलून परत लावायला गेला. मी कोट घालून निघाले तेव्हा तो टेक पुन्हा लावून बसला होता. उद्या मी नोकरीवर आहे की नाही हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

गावंडेला दुपारी फोन केला. एवढंच म्हटलं, तुमचं खरं आहे, मी कंपनीला सांगितलंय. तो म्हणाला, 'बरं केलं जी.' आणि शिफ्टला गेला.

आता ती दुसरी माफी. तुझ्या आईची गोष्ट मी कोणाचीच नाही म्हणून सांगितली, तू विचारलंस तेव्हा ती क्षुल्लक ठरवली, आणि नंतर दोष दुसऱ्यावर टाकून बारा वर्षं सुखाने राहिले. सुखाने नाही, पण राहिले. याची मी माफी मागते. हे मी फॉर्मवर सही मिळावी म्हणून लिहीत नाहीये, असं मला म्हणायचंय. पण बुधवारची मुदत डोक्यात आहेच, तेव्हा तेही सांगून ठेवते. तू नाही म्हणालीस तर गाणं गळेल, आणि ते बरोबरच असेल.

फॉर्म माझ्यासमोर आहे. पहिला रकाना, संगीतकाराचं आडनाव : खानझोडे. दुसऱ्या रकान्यावर पेन तासभर अडलंय. २०१० साली त्या आमच्याकडे चार दिवस राहिल्या, माझ्या कुकरची शिटी दुरुस्त केली, उर्वीला मांडीवर घेऊन हीच चाल म्हटली असणार. मी त्यांना काकू म्हणत होते. वहीत मी त्यांना 'श्रद्धाची आई' लिहिलं, गावंडे 'बाई' म्हणतो. खोडायच्या आधीसुद्धा मी त्यांचं नाव लिहिलेलं नव्हतं.

त्या आहेत की नाहीत हेही मला माहीत नाही. असतील तर एक्याऐंशीच्या असतील.

हे पत्र टपालात टाकत नाही, वेळ उरलेला नाही. उद्या सकाळच्या गाडीने बर्मिंगहॅमला येते. तू घर बदललं नसशील असं धरून चाललेय. दार उघडलं नाहीस तर हे पत्र दाराच्या फटीतून आत टाकेन आणि समोरच्या बसस्टॉपवर थांबेन, संध्याकाळपर्यंत.

तुझी,
नीना

उद्या : काकूंचं पहिलं नाव विचारणे.